ट्रान्सप्लांटनंतर पॉलिसी बंद करा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

किडनी बदललेल्या रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय की ट्रान्सप्लांट झालं की आरोग्य विम्याचा उपयोग संपला. कंपनी पुढच्या वर्षी रिन्यू करणार नाही, केलीच तर ३६ महिन्यांनी बंद करेल. तेव्हा हप्ता थांबवा आणि ते पैसे एफडीत टाका. नवी पॉलिसी घ्यायचीच असेल तर ऑपरेशनबद्दल बोलू नका, पाच वर्षं निघाली की कुणी विचारत नाही. आणि अगदीच वेळ आली तर सरकारची पाच लाखांची योजना आहेच.

माझ्या धाकट्या भावाला आईची किडनी बसली आहे. त्याची फाइल, बिलं, क्लेम घरात मीच बघते. या मेसेजवर विसंबून हप्ता थांबवलेली माणसं मला ओपीडीच्या बाकावर भेटली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला, रिन्युअलचा. एवढा मोठा क्लेम घेतला, आता कंपनी दारात उभं करणार नाही, असं मेसेज म्हणतो. हे साफ चूक आहे. आधीच्या वर्षी क्लेम घेतला म्हणून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीचं नूतनीकरण नाकारता येत नाही, हा विमा नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे आयआरडीएआयचा नियम आहे. फसवणूक किंवा माहिती लपवणं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. विम्याची रक्कम वाढवून मागितली नाही, तर रिन्युअलला नव्याने तपासण्याही मागता येत नाहीत. तुमच्या एकट्याच्या क्लेमकडे बोट दाखवून हप्ता वाढवता येत नाही. वयाप्रमाणे किंवा त्या योजनेतल्या सगळ्यांचाच हप्ता वाढू शकतो, आणि तो वाढतोही. पण ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर कंपनीला आधी प्राधिकरणाशी बोलावं लागतं, हे जानेवारी २०२५ मध्ये ठरलं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे.

तारीख मात्र पाळा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, त्यात भरला तर जुनी वर्षं वाया जात नाहीत. पण हप्ता पोचेपर्यंतच्या मधल्या दिवसांत ॲडमिट व्हावं लागलं तर तो खर्च मिळत नाही. ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला ताप कधी येईल हे सांगता येत नाही, म्हणून आम्ही त्या ३० दिवसांवर कधीच अवलंबून राहत नाही.

३६ महिन्यांचं काय? तो नियम अमेरिकेतला. तिथे केवळ किडनी निकामी झाल्यामुळे ज्यांना मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, मिळालेलं असतं, त्यांचं ते कव्हर ट्रान्सप्लांटनंतर ३६ महिन्यांनी संपतं. आपल्याकडेही ३६ हा आकडा आहे, पण त्याचा अर्थ उलटा आहे. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तेवढे महिने थांबायला लावू शकते, आणि नंतर कव्हर सुरू होतं. पूर्वी हेच ४८ महिने होते, एप्रिल २०२४ पासून कमी झाले.

आता सगळ्यात घातक सल्ला, लपवण्याचा. ६० महिने सलग पॉलिसी चालली की माहिती दिली नाही या कारणावरून क्लेम अडवता येत नाही, हे खरं आहे. पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ही मुदत वाचवत नाही, आणि मेसेजने नेमकी हीच ओळ गाळली आहे. प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे पॉलिसीच्या अर्जात, कुठली शस्त्रक्रिया झाली आहे का, कुठली औषधं चालू आहेत का, असे सरळ प्रश्न असतात. तिथे ‘नाही’ लिहून सही करणं म्हणजे विसरणं नव्हे. शिवाय ती पाच वर्षं निघायची कशी? भावाला डेंग्यू झाला होता, तेव्हाच्या डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच ओळीत किडनी ट्रान्सप्लांट असं लिहिलंय. डॉक्टरांना ते लिहावंच लागतं, कारण टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं औषध, चालू असताना काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरची औषधं दिली तर रक्तातली त्याची लेव्हल चढते. औषधांच्या तक्त्यात टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही ट्रान्सप्लांटची औषधं एकत्र दिसली की टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, डॉक्टरला वेगळं काही विचारावं लागत नाही. डायलिसिससाठी हाताची रक्तवाहिनी जोडून केलेला फिस्टुला तर हातावरच दिसतो. साध्या तापाचा पहिला कॅशलेस अर्ज गेला की खोटं उघडं पडणार, क्लेम नाकारला जाणार आणि पॉलिसीही जाणार.

सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला आहे. मेडिक्लेम घेतल्यावर काही महिन्यांतच किडनीच्या आजाराने माणूस गेला, फॉर्ममध्ये त्या आजाराचा उल्लेख नव्हता. कंपनीने क्लेम नाकारला तो न्यायालयाने योग्य ठरवला. त्याच्या घरच्यांना काही मिळालं नाही.

एजंटला तोंडी सांगितलं होतं, हेही चालत नाही. फॉर्म एजंट भरतो आणि आपण नुसता ओटीपी देतो, तिथेच घात होतो. पॉलिसीसोबत फॉर्मची प्रत येते, ती वाचा. चूक असेल तर लगेच लेखी दुरुस्ती कळवा. पॉलिसी परत करायला आता ३० दिवस मिळतात.

नवी पॉलिसी मिळणं अवघड आहे, हे मात्र खरं. बऱ्याच कंपन्या ट्रान्सप्लांट ऐकताच नकार देतात. काही जण किडनीशी संबंधित सगळं कायमचं वगळून बाकीचं कव्हर देतात. तेही मिळालं तर नाकारू नका, कारण पाय मोडू शकतो, अपेंडिक्सचं ऑपरेशन लागू शकतं. काय वगळलंय ते लेखी घ्या. आणि नवीन मिळणं एवढं अवघड असल्यामुळेच जुनी हातची सोडायची नसते. पोर्ट करायचं, म्हणजे जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची असेल तर नव्या कंपनीला नाही म्हणायचा अधिकार आहे, त्यामुळे तिचा होकार लेखी येईपर्यंत जुनीचा हप्ता चालू ठेवा. रक्कम वाढवली तर वाढलेल्या भागाला थांबण्याचा काळ नव्याने लागतो. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत बहुतेकदा जुने आजार पहिल्या दिवसापासून चालतात. पण नोकरी सुटली की ती संपते. म्हणून राजीनाम्याआधीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करा.

निवड करायची संधी असेलच, तर पॉलिसीची रक्कम पाहण्याआधी खोलीभाड्याची मर्यादा पाहा. पाच लाखांच्या पॉलिसीत ती एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये असेल आणि तुम्ही १०,००० ची खोली घेतलीत, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे जोडीचे खर्चही निम्मेच मिळू शकतात. आमच्या रुग्णांना संसर्गाच्या भीतीने वेगळी खोली घ्यावीच लागते, म्हणून ही अट आधी वाचायची.

एफडीचा मुद्दा लवकर आटोपतो. वर्षाचा हप्ता साठवून जी रक्कम उभी राहील, ती रिजेक्शनच्या, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारू लागल्यावरच्या, एका ॲडमिशनमध्ये बायोप्सी, स्टेरॉइडची इंजेक्शनं, लागलं तर एटीजी हे आणखी कडक औषध आणि प्लाझ्मा बदलणं यात सहज जाईल. एफडी हवीच, पण वेगळ्या कारणासाठी. रोजच्या गोळ्या आणि दर महिन्याच्या तपासण्या साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. डिस्चार्जनंतरचे ६०, ९० किंवा १८० दिवस, जे लिहिलं असेल तेवढंच.

सरकारी योजना खरी आहे, आणि ज्यांच्याकडे दुसरं काही नाही त्यांनी ती हक्काने वापरावी. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कव्हर २०२३ च्या निर्णयाने कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून पाच लाख झालं, आणि किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट नाही. पण योजना फक्त यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांना चालते. तुमचा नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर, बसतो ते रुग्णालय त्या यादीत आहे का, हे आजच विचारून ठेवा.

कंपनीने क्लेम चुकीचा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या उत्तरानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा.

आणि अवयव देणाऱ्याला विसरू नका. रुग्णाच्या पॉलिसीत दात्याच्या ऑपरेशनचा खर्च बहुधा असतो, पण त्याच्या आधीच्या तपासण्या आणि नंतरचा त्रास बहुतेकदा नसतो. आईच्या स्वतःच्या पॉलिसीचा हप्ता म्हणूनच आम्ही भावाच्या हप्त्याबरोबर, त्याच दिवशी भरतो.