चालू गाडीची बॅटरी काढून अल्टरनेटर तपासता येत नाही

‘जुनी गाडी सुरू होत नाही? मेकॅनिककडे जायच्या आधी हे करा’ असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. मी तो वाचून सोडून दिला होता. पण काल जुन्नरच्या मामांनी तोच मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘उद्या सकाळी जीप आणि मारुती, दोन्हीवर करून बघतो.’ मामांना लगेच फोन करून थांबवलं. बाकीच्यांसाठी हे लिहितोय, कारण त्यातल्या पाच उपायांपैकी दोन सरळसरळ गाडीचं वाटोळं करणारे आहेत.

पहिला उपाय असा: ‘इंजिन चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला, बंद पडलं तर गेला.’

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. आधी जीपचं बघू. मामांची जीप जुनी डिझेल, मेकॅनिकल पंपाची, नॉब ओढून बंद करायची. त्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नसते. दाबलेली हवा तापते, पंप डिझेल फवारतो, इंजिन फिरत राहतं. अल्टरनेटर पार मेलेला असला तरी ती जीप चालूच राहणार. मग या चाचणीतून काय कळलं? काहीही नाही.

आता मारुती ८००. ती एमपीएफआय आहे, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी, आणि ते सांभाळायला तिच्यात कॉम्प्युटर, ईसीएम, बसवलेला आहे. अल्टरनेटर बॅटरीत करंट भरत असताना टर्मिनल उचललं की त्या करंटला जायला जागा उरत नाही. अल्टरनेटरच्या रोटरमधलं, म्हणजे आत फिरणाऱ्या भागातलं, चुंबकत्व काही त्या क्षणी नाहीसं होत नाही, त्यामुळे व्होल्टेज उसळतं. याला ‘लोड डम्प’ म्हणतात. वाहनांच्या इलेक्ट्रिकल भागांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १६७५०-२ यात याचीच चाचणी दिली आहे. अल्टरनेटरमध्ये आतून संरक्षण नसेल तर १२ व्होल्टच्या गाडीसाठी त्या झटक्याची पातळी ७९ ते १०१ व्होल्ट धरली आहे आणि तो ४० ते ४०० मिलिसेकंद टिकतो. दर वेळी शंभर व्होल्ट होतीलच असं नाही. पण साडेचौदा व्होल्टवर चालणाऱ्या डायोडना (अल्टरनेटरची एसी वीज डीसी करणारे भाग), रेग्युलेटरला (व्होल्टेज आवरणारा भाग) आणि ईसीएमला त्याच्या निम्म्यातही धोका आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे बॅटरी जितकी उतरलेली, तितका तिच्यात जाणारा करंट जास्त आणि झटकाही तितकाच मोठा. आणि ही चाचणी माणूस कधी करतो? बॅटरी उतरते म्हणूनच ना! शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिथे टर्मिनल उचलून ठिणगी पाडली तर बॅटरी तोंडासमोर फुटू शकते.

अल्टरनेटर यायच्या आधी, डायनॅमोच्या काळात जुने मिस्त्री असं करायचे, हे मान्य. त्या गाड्यांत ना डायोड होते, ना कॉम्प्युटर, त्यामुळे निभावून जायचं. आता तसं करायचं कारणच नाही, कारण साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ दिसले तर बॅटरी साधारण अर्धी उतरली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळाले तर चार्जिंग होतंय. इंजिन चालू असूनही साडेबाराच्या वर जात नसेल तर बेल्ट, वायर, रेग्युलेटर किंवा अल्टरनेटर. टर्मिनलला हात लावायचं कामच नाही.

दुसरा उपाय: ‘चावी फिरवल्यावर टक् आवाज आला की सेल्फ गेला, नवा टाका.’ सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर. किती जणांनी यापायी चांगले सेल्फ बदलले असतील! टकटकटक असा भराभर आवाज हा बहुतेक वेळा कमी व्होल्टेजचा असतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर ठेवा, दुसरी त्याच खांबावर आवळलेल्या टर्मिनलवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटर शून्याजवळ राहायला हवा. एक-दोन व्होल्ट दिसले तर दोष त्या दोघांमधल्या पांढऱ्या-हिरव्या थराचा आहे. टर्मिनल काढा (इंजिन बंद असताना, निगेटिव्ह आधी), खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, घासा, कोरडं करून आवळा. मग हेच माप निगेटिव्ह खांब आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात घ्या. जुन्या जीपमध्ये अर्थची पट्टी गंजलेली सापडतेच सापडते.

‘सेल्फवर हातोडीने हळूच ठोका’ हा तिसरा उपाय. हे खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. सेल्फला आतून वीज पोचवणारे झिजलेले कार्बन ब्रश ठोकल्यावर क्षणभर टेकतात आणि गाडी सुरू होते. पण ते घरी पोचण्यापुरतं. कार्बन बदलावेच लागतात.

चौथा: ‘उतरलेल्या बॅटरीत ॲसिड ओता.’ नको. वापरात उडून जातं ते पाणी. तेव्हा डिस्टिल्ड वॉटरच घाला.

पाचवा वाचून मात्र डोकं फिरलं: ‘फ्यूज सारखा उडत असेल तर तांब्याची तार गुंडाळा.’ अहो, फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो! जी बॅटरी सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर देते, तीच शॉर्ट झालेल्या बारीक वायरमध्ये तितका करंट ओतेल. डॅशबोर्डखाली आग लागेल आणि ती विझवायला हातही पोचणार नाही. सारखा उडणारा फ्यूज म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. तो शोधायला फ्यूजच्या जागी ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, पण करंट दोन अँपिअरच्या आत राहील. मग त्या फ्यूजवरचे दिवे, हॉर्न, वायपर एकेक करून सोडवा, वायरिंग हलवून बघा. ज्या ठिकाणी बल्ब विझतो, तिथे शॉर्ट. मागच्या दिव्याचा गंजलेला होल्डर आणि पत्र्याच्या भोकातून जाताना सोललेली वायर, या दोन जागा सगळ्यात आधी बघा.