किल्डॉल यांचं विमान आणि डॉसचा जन्म: फिरत राहिलेली एक चुकीची गोष्ट

“१९८० साली आयबीएमची माणसं गॅरी किल्डॉलच्या दारात आली, तर साहेब मौजेखातर विमान उडवायला गेलेले. बायकोने सही करायला नकार दिला. पाहुणे वैतागून बिल गेट्सकडे गेले, गेट्सने डॉस लिहून दिलं आणि अब्जाधीश झाला. तात्पर्य: दारी आलेली लक्ष्मी परत पाठवू नये.”

ही गोष्ट समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरते आणि प्रत्येक वेळी मला तिचा राग येतो. सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, लिहिणाऱ्या एका अव्वल दर्जाच्या संगणकतज्ज्ञाला तिने आळशी ठरवून टाकलं आहे. आयबीएमला आपल्या नव्या पीसीसाठी अशीच प्रणाली हवी होती; डॉस ही त्यावर पुढे आलेली ऑपरेटिंग सिस्टिम.

आधी विमान. किल्डॉल त्या दिवशी उडत होते हे खरं, पण कामासाठी. बिल गॉडबाउट हे हार्डवेअर बनवणारे त्यांचे ग्राहक होते, त्यांच्याकडे ते ठरलेल्या कामाने गेले होते. स्वतःचं छोटं विमान चालवत जाणं ही त्यांची नेहमीची पद्धत. दुपारी परत येऊन आपण चर्चेत बसलो, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. आयबीएमच्या जॅक सॅम्स यांना मात्र ते भेटल्याचं आठवत नव्हतं.

“बायकोने नकार दिला” हे वाक्य तर अन्यायाचंच आहे. त्यांच्या पत्नी डोरोथी मॅकइवन या किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्च कंपनीच्या सहसंस्थापक. परवान्यांचे व्यवहार त्याच बघत, म्हणून बोलणी त्यांच्याकडे येणं स्वाभाविक होतं. आयबीएमने पुढे केलेला गोपनीयतेचा करार एकतर्फी होता. डोरोथी यांनी वकिलाला विचारलं. जबाबदार व्यवस्थापकाने दुसरं काय करायचं?

आणि “गेट्सने डॉस लिहिलं”? आयबीएम आधी मायक्रोसॉफ्टकडे गेली होती ती बेसिक आणि इतर प्रोग्रॅमिंग भाषांसाठी. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी किल्डॉल यांना भेटा, असं गेट्स यांनीच सुचवलं, कारण मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा तशी काही नव्हतीच. डॉसचा पाया रचला टिम पॅटरसन यांनी, सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत. त्यांचा इंटेलच्या ८०८६ चिपचा बोर्ड तयार होता, पण किल्डॉल यांच्या सीपी/एमची त्या चिपसाठीची आवृत्ती काही येईना. म्हणून १९८०मध्ये पॅटरसन यांनी स्वतःच एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. मायक्रोसॉफ्टने जुलै १९८१मध्ये तिचे सगळे हक्क ५०,००० डॉलरला विकत घेतले.

मग काही जण उलट टोकाला जाऊन म्हणतात, डॉस ही निव्वळ चोरी. इथे थोडं आत शिरून बघायला हवं. सीपी/एममध्ये पडद्यावर मजकूर दाखवायचा तर ९ क्रमांकाचं फंक्शन बोलवायचं आणि मजकुराच्या शेवटी डॉलरचं चिन्ह ठेवायचं. डॉसमध्येही तोच ९ आणि तेच डॉलरचं चिन्ह! हे पॅटरसन यांनी मुद्दाम केलं, जुने प्रोग्रॅम नव्या चिपवर सहज आणता यावेत म्हणून. बाह्यरूप किल्डॉल यांचं आहे, यात शंका नाही. पण डिस्कवर फाइली मांडायची फॅटची पद्धत सीपी/एममध्ये नव्हतीच, ती मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी १९७७मध्ये बेसिकसाठी तयार केली होती. कल्पना उचलल्या, हे खरं. सगळंच उचललं, हे खोटं.

किल्डॉल यांचं सर्वांत मोठं काम तर या वादात कुणी काढतच नाही. प्रत्येक यंत्रानुसार बदलणारा भाग त्यांनी वेगळा काढला आणि त्याला बायॉस म्हटलं. तेवढाच भाग नव्याने लिहिला की बाकी सीपी/एम जसंच्या तसं चाले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या छोट्या संगणकांवर एकच सॉफ्टवेअर चालणं यामुळे शक्य झालं.

मग हरले कशाने? ८०८६साठीच्या आवृत्तीला झालेला उशीर, हे एक. दुसरं म्हणजे पैसे घेण्याची रीत. किल्डॉल यांना प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी हवी होती, आयबीएमला ठोक रक्कम देऊन मोकळं व्हायचं होतं. पुढे डॉसमधली नक्कल बघून त्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा आयबीएमने सीपी/एम-८६, म्हणजे ८०८६साठीची ती आवृत्तीसुद्धा विकायचं कबूल केलं. पण ऑगस्ट १९८१मध्ये पीसी बाजारात आला तेव्हा ते तयार नव्हतं, आणि १९८२मध्ये आलं तेव्हा किंमत होती २४० डॉलर. डॉस मिळत होतं ४० डॉलरला. सहापट पैसे कोण मोजणार?

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. डॉस इतर उत्पादकांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टने आयबीएमला दिला नाही, स्वतःकडेच ठेवला. कॉम्पॅक आणि तिच्यासारख्या कंपन्यांनी आयबीएमशी जुळणारे संगणक काढले, तेव्हा त्या सगळ्यांना डॉस मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावं लागलं.