'मंजूर' म्हणण्याआधी दोन ओळी वाचून दाखवा

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. सहावीच्या नागरिकशास्त्रातला शहरी स्थानिक शासनाचा धडा किती वेळा शिकवला, त्याची मोजदाद नाही. नगरसेवक, महापौर, आयुक्त, समित्या. मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची, मार्कही मिळायचे. एका वर्षी वाटलं, निदान एकदा तरी मुलांनी हे डोळ्यांनी बघावं. परवानगी काढली आणि वर्ग घेऊन मुंबई महापालिकेच्या सीएसएमटीसमोरच्या मुख्यालयात गेले.

1893 सालची ती इमारत. दारातल्या फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी मुलं थबकली. बोधचिन्हावरचं 'यतो धर्मस्ततो जयः' एकानं मोठ्यानं वाचलं. मग आम्ही वरच्या गॅलरीत बसलो. खाली सभा चालली होती. विषयाचा क्रमांक पुकारला जायचा, कुणीतरी चार वाक्यं बोलायचं किंवा बोलायचं नाही, आणि 'मंजूर'. पुढचा क्रमांक. मुलं शहाण्यासारखी शांत बसली होती.

परतताना एका मुलीनं वही पुढे केली. तिनं सगळं लिहून घेतलं होतं. 'नऊ, मंजूर. दहा, मंजूर. अकरा, राखून ठेवला. बारा, मंजूर.' म्हणाली, "बाई, नऊ नंबरला काय होतं?"

मला सांगता आलं नाही.

सदस्यांच्या हातात कार्यक्रमपत्रिका आधीच पोहोचलेली असते, त्यामुळे सभेत प्रत्येक विषय वाचायची गरज पडत नाही. कामकाजाच्या सोयीसाठी ते बरोबरच आहे, आणि त्यात कुणी काही लपवत होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण ती वही माझ्या डोक्यातून गेली नाही. नऊ नंबर म्हणजे कदाचित तिच्याच गल्लीतली पाण्याची लाइन असेल. ठरलं तिच्यासमोर, आणि तिला कळलं नाही.

आज हे लिहायचं कारण असं की सभागृह पुन्हा भरलं आहे. आधीच्या नगरसेवकांची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. राज्यघटना सांगते की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. आपल्याकडे मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मधली जवळजवळ चार वर्षं आयुक्तच प्रशासक होते. 1984-85 नंतर मुंबईवर अशी वेळ पहिल्यांदाच आली. ह्या काळात मोठे खर्च मंजूर करणाऱ्या स्थायी समितीचे अधिकारही प्रशासकांकडे आणि सभागृहाचेही त्यांच्याचकडे. प्रस्ताव त्यांच्याच खात्यांकडून यायचा आणि मंजुरीही त्यांचीच. 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार 427 कोटींचा होता. एरवी आयुक्त तो स्थायी समितीला सादर करतात, तिथे चर्चा होते, सदस्य काटछाट सुचवतात, वाढ सुचवतात, मग तो सभागृहात येतो आणि तिथेही भाषणं होतात. त्या खेपेला तो अतिरिक्त आयुक्तांनी प्रशासकांना सादर केला. एवढा मोठा पैसा, आणि 'हे असं का?' असं विचारणारा एकही निवडून दिलेला माणूस समोर नाही.

अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही. मी आयुष्यभर अशाच अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम केलं आहे, आणि रात्री दहापर्यंत कार्यालयात बसून कामं उरकणारेही पाहिले आहेत. पण प्रामाणिक माणसालासुद्धा समोर प्रश्न विचारणारं कुणी लागतं. प्रश्न येणार हे माहीत असलं की कागद नीट तयार होतो. मुख्याध्यापिका तपासायला येणार हे माहीत असलं की आम्हीसुद्धा टाचण नीट काढायचो.

तर सभागृह परत आलं ह्याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच ते कसं चालतं ह्याकडे माझं बारीक लक्ष आहे. टीव्हीवर आपल्याला दिसतं ते महापौर कोण झाला, कोणत्या पक्षानं सभात्याग केला, कोण कुणावर धावून गेलं. शहर चालतं ते त्या गोंधळाच्या आधी आणि नंतर, कार्यक्रमपत्रिकेवरच्या साध्या विषयांमधून. पर्जन्य जलवाहिनी, पदपथ, उद्यानाचं परिरक्षण, दवाखान्यातली औषधं, शाळेची दुरुस्ती. तिथे कुणी माईक हिसकावत नाही, म्हणून तिथे कॅमेराही जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुंबईचा कारभार 1888 च्या कायद्यावर चालतो. राज्य सरकारनं नेमलेले आयुक्त प्रशासन चालवतात आणि 227 नगरसेवकांचं सभागृह धोरण ठरवतं. मोठ्या खर्चाची कंत्राटं स्थायी समितीपुढे येतात. आरक्षणं आणि जागा ह्यांचे विषय सुधार समितीपुढे, शाळांचे शिक्षण समितीपुढे, बसगाड्यांचे बेस्ट समितीपुढे. समिती विषय मंजूर करू शकते, राखून ठेवू शकते, प्रशासनाकडे परत पाठवू शकते, नाहीतर दप्तरी दाखल करू शकते. दप्तरी दाखल म्हणजे विषय संपला. ह्या सगळ्याची नोंद चिटणीस खातं ठेवतं. इतिवृत्त तेच लिहितं.

'राखून ठेवला' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. चांगला सदस्य विषय राखून ठेवायला सांगतो, कारण त्याला जाऊन जागा बघायची असते, अंदाजपत्रक तपासायचं असतं. आणि कधीकधी विषय महिनोन्‌महिने राखून राहतो, का ते कुणालाच कळत नाही. दोन्हींसाठी शब्द एकच. इतिवृत्तात कारणाची एक ओळ लिहिली, की बाहेरच्या माणसाला दोन्हींतला फरक लगेच कळेल. 'सदस्यांनी स्थळपाहणीची मागणी केल्यामुळे, पुढील बैठकीपर्यंत राखून ठेवला.' एवढं पुरे आहे.

दुसरी गोष्ट ठरावाच्या सूचनेची. नगरसेवक सभागृहात सूचना मांडतो: अमुक ठिकाणी पादचारी पूल करा, तमुक रुग्णालयात डायलिसिसची सोय करा. सभागृह ती मंजूर करतं. लोकांना वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात ती जाते आयुक्तांच्या अभिप्रायासाठी. तिथून खात्याकडे, खात्याकडून विभागाकडे, मग परत वर. आमच्या वस्तीजवळच्या नाल्यावर एक पूल व्हावा म्हणून अशी एक सूचना मंजूर झाली होती. मी स्वतः शाळेच्या वतीनं पत्र दिलं होतं, कारण पावसात मुलं नाल्याच्या कठड्यावरून चालत यायची. अभिप्राय आला तेव्हा ती सातवीतली मुलं कॉलेजात होती. अभिप्रायात लिहिलं होतं, 'सदर ठिकाणी पूल बांधणे व्यवहार्य नाही.' का नाही, ते लिहिलं नव्हतं. नसेल व्यवहार्य, मी इंजिनियर नाही. पण पत्र देणाऱ्या बाईला कारण समजायला हवं होतं, आणि सहा महिन्यांत समजायला हवं होतं. अभिप्राय येईपर्यंत आम्ही दरवर्षी जूनमध्ये 'यंदा होईल' असं एकमेकींना सांगत होतो.

कागद किती काळ पडून राहू शकतो ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या अंगावरून गेलेलं आहे. मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या जुन्या, तासाला साधारण 25 मिलिमीटर पाऊस झेलण्याच्या बेताच्या. त्या दुप्पट क्षमतेच्या करा, भरतीच्या वेळी पाणी समुद्रात फेकायला उदंचन केंद्रं बांधा, असा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल 1993 साली महापालिकेकडे आला. उदंचन म्हणजे पाणी उपसणं, मुलांना हा शब्द फळ्यावर लिहून समजवावा लागायचा. मग 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर खरा वेग आला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी केंद्रं झाली. माहुल आणि मोगरा जागेच्या प्रश्नात पुढे कितीतरी वर्षं अडकली.

26 जुलैच्या त्या रात्री मी शाळेत होते. पहिल्या मजल्यावर, चाळीस-एक मुलांबरोबर. पाणी जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत आलं होतं. आम्ही मुलांकडून पाढे म्हणून घेतले, गाणी म्हटली, खिचडीसाठी ठेवलेले तांदूळ शिजवले. तेव्हा मला 'ब्रिमस्टोवॅड' हा शब्दही माहीत नव्हता. बारा वर्षांपूर्वीच एका अहवालात हे सगळं लिहून ठेवलेलं होतं, हे नंतर वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हा मी खरंच रडले. पैसा नव्हता, जागा नव्हती, कारणं असतीलही. पण त्या बारा वर्षांत दर तीन महिन्यांनी सभागृहात कुणी उठून 'त्या अहवालाचं काय झालं, प्रशासनानं खुलासा करावा' असं विचारत राहिलं असतं, तर? रोजच्या कामकाजाची ताकद ह्यात आहे. एकच प्रश्न न कंटाळता परत परत विचारणं.

नगरसेवक प्रश्न विचारतात, नाही असं नाही. पण 'प्रजा फाउंडेशन' ही संस्था दरवर्षी त्या प्रश्नांची मोजणी करत आली आहे, आणि रस्त्यांना, चौकांना नावं देण्याचे प्रश्न त्यात वर्षानुवर्षं फार वर दिसत आले आहेत. थोर माणसाचं नाव चौकाला द्यावं, मलाही आवडतं. पण त्या चौकातलं झाकण उघडं आहे का, हा प्रश्न आधी यावा.

आता माझं मागणं सांगते. ते फार छोटं आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

विषय पुकारताना नुसता क्रमांक पुकारू नका. दोन ओळी वाचा. बोलतो त्या मराठीत. मी मराठी शिकवलं आहे म्हणून हे जास्त टोचतं, हे खरं. आपल्या महापालिकेचं काम मराठीत चालतं ह्याचा मला अभिमान आहे, पण ती मराठी अशी असते: 'विभागातील विविध ठिकाणच्या पदपथांच्या सुधारणेच्या व तद्अनुषंगिक कामांकरिता कंत्राटदाराची नेमणूक करण्याबाबत.' हे वाक्य मी नमुन्यासाठी जुळवलं आहे, पण ज्यांनी हे कागद वाचले आहेत त्यांना ते ओळखीचं वाटेल. ह्यात कुठला रस्ता ते नाही. किती पैसे ते नाही. काम किती दिवसांत होणार ते नाही. त्याऐवजी असं वाचता येईल: 'अमुक रस्त्यापासून तमुक शाळेपर्यंतचा फूटपाथ नवा करायचा आहे. खर्च इतका, ठेकेदार हा, काम ह्या महिन्यापर्यंत पूर्ण.' वाचायला पंधरा सेकंद लागतात. चाळीस विषय असले तरी दहा मिनिटं. एवढा वेळ तर गोंधळ शांत व्हायलाही जातो.

आणि हेच प्रभाग समितीत तर व्हायलाच पाहिजे. 74 व्या घटनादुरुस्तीनं मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या त्या ह्याचसाठी, की मुंबईसारख्या शहरात गल्लीतला प्रश्न घेऊन फोर्टात जावं लागू नये. आपल्याकडे 24 विभागांसाठी 17 प्रभाग समित्या होत्या. अहो, तिथे येणारे विषय म्हणजे आपलं दाराबाहेरचं जग: गटार, दिवाबत्ती, मंडई, कचऱ्याची गाडी किती वाजता येते. त्या बैठकीचा दिवस आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतो? आमच्या इमारतीत मी विचारलं. एकालाही नाही. 2009 साली तर राज्यानं कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आणली, काही मतदान केंद्रांतल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातल्या कामांचा क्रम सुचवावा म्हणून. गावात ग्रामसभा असते तशी. मी इतकी वर्षं इथे राहते, अशा सभेचं बोलावणं मला एकदाही आलेलं नाही.

नव्या नगरसेवकांमध्ये अर्ध्या जागा महिलांच्या आहेत. त्यातल्या कितीतरी जणी पहिल्यांदा निवडून आल्या असतील. त्यांना हात जोडून एकच सांगणं आहे. कागद समजला नाही तर 'समजला नाही' असं सभेत उठून म्हणा. लाजू नका. वर्गात पहिल्यांदा हात वर करणाऱ्या मुलीमुळे बाकी तीस जणींना उत्तर मिळतं, हे मी रोज पाहिलं आहे. तुम्ही विचाराल तेव्हा अधिकाऱ्याला सोप्या शब्दांत खुलासा करावा लागेल, तो इतिवृत्तात येईल, आणि तो आम्हालाही वाचता येईल.

वहीवाली ती मुलगी आता परिचारिका आहे, दोन मुलांची आई. परवा तिच्याशी फोनवर बोलणं झालं. तिला ती सहल आठवते, पुतळा आठवतो, वही मात्र हरवली म्हणाली. आम्ही दोघींनी ठरवलं आहे की आमच्या प्रभाग समितीची पुढची बैठक कधी आहे ते विभाग कार्यालयात जाऊन विचारायचं, बसायची परवानगी मागणारं पत्र द्यायचं आणि जायचं. पत्र मी लिहून ठेवलं आहे. तिची रात्रपाळी मंगळवारी संपते, बुधवारी सकाळी अकराला आम्ही कार्यालयात जाणार आहोत. शेजारपाजारच्या कुणाला यायचं असेल तर मला मंगळवारपर्यंत कळवा, पत्रावर तुमचंही नाव घालते.