पल्याड जाऊ कुठनं?

संध्याकाळी वॉर्डातून घरी आले तेव्हापासून डोकं तडकलंय. दोनदा लिहायला बसले, दोनदा फोन बाजूला ठेवला. आता लिहूनच टाकते.

सकाळी अकराच्या सुमारास एका कॉलेजची तीसेक मुलं आमच्या रुग्णालयात आली. राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे एनएसएसची. पुढे बॅनर, गळ्यात ओळखपत्रं, दोन टोपल्या फळं. बायकांच्या वॉर्डात शिरली आणि सुरू झालं: एका खाटेला एक फळ, एक फोटो. जिला ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलंय तिच्या हातात केळं. जिची साखर तीनशेच्या वर गेलीय तिच्याही हातात केळं. एका तरण्या पोरीचा पदर सरकला होता, ती सावरायच्या आत फोटो निघालासुद्धा. मी पुढे होऊन फोन खाली घ्यायला लावला, तर बरोबरचे सर म्हणाले, "मॅडम, अहवालाला लागतात हो."

वीस मिनिटांत सगळं आटोपलं. दारात हजेरी झाली. वही उघडीच होती, मी वाचलं: ‘रुग्णसेवा – ४ तास’.

चार तास!

मुलांवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना आपण जे दाखवू तेच त्यांना सेवा म्हणून कळणार. राग आहे तो आपल्यावर. मोठ्यांवर. शिकवणाऱ्यांवर, सह्या करणाऱ्यांवर, आणि ‘आमच्या बबडूनं आज गरिबांना मदत केली’ म्हणून तो फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या आईबापांवर.

मीही एनएसएसमधलीच आहे. १९९८ चा डिसेंबर, एस.वाय.बी.ए.ला होते. सात दिवसांचं विशेष शिबिर, दत्तक गाव, मुक्काम शाळेच्या खोल्यांत. मी का गेले होते? दहा मार्क वाढून मिळतात, म्हणून. गावात एक ओढा होता. त्यावर आम्ही वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं, एकावर एक रचायच्या. हाताला फोड आले, कंबरा मोडल्या, पण चौथ्या दिवशी पाणी तुंबायला लागलं तेव्हा आम्ही पोरंपोरी अक्षरशः नाचलो. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून काहीतरी उभं राहिलंय असं वाटलं होतं.

आणि तेव्हाच काठावर एक म्हातारी येऊन उभी राहिली. कमरेवर हात, डोक्यावर गवताचा भारा. बराच वेळ नुसती बघत होती. मग म्हणाली, "पोरांनो, काम लई चांगलं केलंत. पण मी आता पल्याड जाऊ कुठनं?"

तिची वाट त्या ओढ्यातून होती. दगडांवर पाय ठेवत ती रोज पलीकडे आपल्या तुकड्यावर जायची. बंधाऱ्याच्या फुगवट्यात ते दगड बुडाले होते.

सर म्हणाले, "बघू आजी." दुसऱ्या दिवशी सरपंच आले, नारळ फुटला, फोटो निघाला. अहवाल मी लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं होतं. किती गोण्या, किती श्रमतास, सगळं त्यात आलं. म्हातारी त्यात आली नाही.

हे सगळं मला आज पुन्हा आठवलं, ती वही बघून.

ज्यांना एनएसएस म्हणजे नुसतं झाडं लावणं आणि पथनाट्य वाटतं त्यांच्यासाठी सांगते. २४ सप्टेंबर १९६९ ला ही योजना सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी, एवढ्यावर. विद्यार्थ्यानं दोन वर्षांत २४० तास द्यायचे आणि एक शिबिर करायचं. छातीवर जो बिल्ला लावतात ना, त्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे. त्या चाकाचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास, कधीही हाक मारा. ब्रीदवाक्य ‘नॉट मी बट यू’, मी नव्हे तर तुम्ही. आता सांगा, आज सकाळी त्या वॉर्डात ‘तुम्ही’ कुठं होतं? खाटेवरच्या एका तरी बाईला कुणी तिचं नाव विचारलं का? फोटोत सगळीकडे मीच. मी केळं देताना, मी हात जोडताना, मी आजीच्या डोक्यावरून हात फिरवताना.

आता तर याला क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणात समाजाशी संबंधित काम अभ्यासक्रमात आलंय, ऐकायला फार छान. पण क्रेडिट मोजणार कसं? तासांनी. आणि तास मोजणार कसे? फोटोंनी. झालं.

बरं, मान्य आहे, तासांचं आणि मार्कांचं बंधन नसतं तर निम्मी मुलं फिरकलीच नसती. मीही गेले नसते. आणि हेही मान्य, उन्हाळ्यात कॉलेजं सुटली की रक्तपेढीत कशी टंचाई होते ते मी दरवर्षी बघते. या मुलांच्या रक्ताशिवाय आमचं पानही हलत नाही.

पण त्या म्हातारीकडे परत येते.

परीक्षा झाल्यावर मी आणि माझी एक मैत्रीण एस.टी.नं त्या गावाला गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. रात्री झोपताना ते वाक्य कानात यायचं, एवढंच. जाऊन बघतो तर बंधाऱ्याला एका टोकाला खिंडार, पाणी वाहून गेलेलं, दगड उघडे. म्हातारी भेटली. आम्हाला ओळखून आधी तीच ओशाळली. "पोती म्याच काढली गं, रागावू नगा." मग ओढ्याच्या वरच्या अंगाला हात करून म्हणाली, "त्या करंजाखाली घातला असता तर पानीबी ऱ्हायलं असतं अन् माजी वाटबी. पर मला कुनी इचारलंच न्हाई."

इचारलंच न्हाई.

तीस पावलांवर होतं हो ते करंजाचं झाड. तीस पावलं! तीसचाळीस शिकलेली पोरं, दोन प्राध्यापक, सात दिवस. आणि एकालाही वाटलं नाही की इथं रोज कोण येतं-जातं ते आधी विचारावं.

तोवर माझं सगळं ठरलेलं होतं. स्पर्धा परीक्षा द्यायची, अधिकारी व्हायचं, गावं सुधारायची. कुठली गावं, कुणासाठी, सुधारायची म्हणजे नेमकं काय, काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी परतीच्या एस.टी.त माझी ती योजना गळून पडली. मी एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातलं एम.ए.सारखं शिक्षण, केलं. वडील सहा महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. आज सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे, आणि समोर बसलेल्या माणसाला ‘गोळ्या वेळेवर घ्या’ म्हणण्याआधी ‘घरी जाता कसं, गाडी किती वाजता असते’ हे विचारते, ते त्या म्हातारीमुळे. मैत्रीण बँकेत लागली. समाजकार्य वगैरे काही केलं नाही तिनं. पण पेन्शनच्या दिवशी काउंटरमागून उठून बाहेर बाकावर जाऊन बसायची, म्हाताऱ्यांना स्लिपा भरून द्यायला. साहेबांची बोलणी खाऊनही. सगळ्यांनी नोकऱ्या सोडून आश्रम काढावेत असं माझं म्हणणंच नाही.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग या डॉक्टर नवराबायकोचं काम सगळ्यांना माहीत आहे. गडचिरोलीत गेले, आणि दवाखाना कसा हवा ते आधी तिथल्या आदिवासींना विचारलं. मोठ्या इमारतीची लोकांना भीती वाटते, तिथं नातेवाइकांना आत येऊ देत नाहीत, हे त्यांना लोकांनीच सांगितलं. मग दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, पेशंटबरोबर घरची माणसं राहू शकतील असा, आणि त्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं, तिथल्या लोकांच्या देवीचं. विचारलं म्हणून. २००६ पासून ते ‘निर्माण’ या तरुणांसाठीच्या आपल्या उपक्रमातून त्यांच्याबरोबर काम करतायत. तिकडच्या मुलांशी बोला कधी. त्यांना ‘किती तास झाले’ विचारलंत तर ती तुमच्या तोंडाकडे बघत राहतील.

स्वयंसेवेनं मुलं घडतात असं आपण भाषणात म्हणतो. घडतात, पण फळं वाटून नाही. आपण केलेली मदत कुणाच्या तरी वाटेत आली, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर घडतात. ते बघायला तिथं थांबावं लागतं. आणि आपण काय करतो? त्यांना थांबूच देत नाही. चला, बस लागलीय, पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, म्हणून आता खरी गोष्ट सांगते. आज ती घडली नसती तर मी एवढं लिहिलंच नसतं.

सगळी मुलं दाराकडे गेली तेव्हा एक मुलगी मागे राहिली होती. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींपाशी. या आजींचं ऑपरेशन दोन दिवस अडलं होतं, कारण सरकारच्या मोफत उपचारांच्या जन आरोग्य योजनेत केस घालायला रेशनकार्ड लागतं आणि ते गावाकडे राहिलं होतं. मी दोन दिवस रोज त्यांना सांगत होते, "आजी, कार्ड मागवा." त्या मान हलवायच्या. मी पुढच्या खाटेकडे वळायचे.

त्या मुलीनं फळ दिलंच नाही. तिनं नुसतं विचारलं, "आजी, तुम्हाला काही हवंय का?" आजी म्हणाल्या, "बाई, माझा फोन बंद पडलाय. पोराला कळवायचंय, कार्ड घेऊन ये म्हणून."

दोन दिवस त्यांचा फोन बंद होता. चार्जर नव्हता. आणि मागायचा कुणाकडे, म्हणून त्या गप्प. मुलीनं आपल्या पिशवीतून पॉवर बँक काढली, फोन लावला, तो सुरू होईपर्यंत खाटेच्या कडेला बसून राहिली. मुलाचा नंबर शोधला, कानाला लावून दिला. तेवढ्यात दारातून सरांची हाक आली. ती म्हणाली, "आले सर, दोन मिनिटं." आणि खरंच बसून राहिली, आजींचं बोलणं संपेपर्यंत.

पंचवीस वर्षं त्या म्हातारीचं वाक्य सगळ्यांना ऐकवत फिरणारी मी. ‘कार्ड मागवा’ म्हणून पुढे जाणारी मी. मागवणार कशानं, हे मला विचारता आलं नाही. एका पहिल्या वर्षाच्या पोरीला आलं. दुपारभर हेच सलत होतं, आणि सकाळी सरांवर जेवढं चिडले त्यातलं निम्मं माझ्यावरच होतं, हे आता लिहिताना कळतंय. सरांवरही फार बोलले मी. त्या माणसाकडे शंभर मुलं असतील, वरून अहवालाचा तगादा असेल. तरी ते ‘४ तास’ मी विसरणार नाही.

जाताना ती मुलगी माझ्यापाशी आली. हळूच विचारलं, "मॅडम, मला एकटीला यायचं असेल तर चालेल का? हजेरी नसली तरी चालेल." मी म्हटलं, गुरुवारी ये, ओपीडीला केसपेपरच्या रांगेत लोकांना काही कळत नसतं, तिथं नुसती उभी राहा आणि विचारत जा. तिनं हातावर पेनानं लिहून घेतलं: गुरुवार, ९.

संध्याकाळच्या गाडीनं आजींचा मुलगा कार्ड घेऊन आला. मी निघताना आजी त्याला खाटेवर बसवून सांगत होत्या, "एक पोरगी आली होती, तिनं फोन लावून दिला." नाव मात्र त्यांना आठवत नव्हतं. मलाही विचारायचं राहिलं. गुरुवारी विचारते.