ठाम लिहाल तर फसाल

इंग्रजीत काहीही लिहायचं असो, ऑफिसची मेल नाहीतर पीएचडीचा थिसिस, एक पथ्य पाळा, सरळ वाक्य लिहू नका. 'सर्व्हर बंद पडला' असं लिहिलंत की पुढचा प्रश्न आलाच, कोणी पाडला? त्यापेक्षा 'इट अपिअर्स दॅट देअर माइट हॅव बीन अ पॉसिबल इश्यू' लिहा. बघा, सर्व्हर पण बंद आणि कोणी काही केलेलं पण नाही! एका वाक्यात तीन पळवाटा झाल्या, चौथी सुचली तर तीही घाला, जागेचं भाडं थोडंच द्यायचंय.

कोणी नावं ठेवली तर वॉटसन-क्रिककडे बोट दाखवा. 1953 ला नेचरमध्ये डीएनएची रचना मांडताना त्यांनीही 'वुई विश टू सजेस्ट' अशीच सुरुवात केली होती आणि 1962 ला नोबेल घेऊन मोकळे झाले. आता त्या सजेस्टच्या मागे मॉडेल होतं, रोझलिंड फ्रँकलिनच्या एक्स-रेच्या कामाचा आधार होता वगैरे, पण ते राहू द्या, आपल्याला फक्त सजेस्ट उचलायचाय. (बाईंच्या कामाचं श्रेय कसं दिलं तर म्हणे त्या अप्रकाशित कामाचं 'जनरल नेचर' आम्हाला माहीत होतं. कला म्हणतात ती ही!)

थिसिसवाल्यांनी 'द रिझल्ट्स सीम टू सजेस्ट' लिहायचं. म्हणजे रिझल्ट काही सांगत नाहीत, सांगतायत असं वाटतं, कोणाला वाटतं ते गाइडनेही विचारायचं नाही.

शब्दांना आकडे चिकटवणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहा. आयपीसीसीवाले, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, अहवालात 'लाइकली' म्हणजे किमान 66 टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान 90 असं छापून मोकळे होतात, असला हिशोब द्यावा लागला तर आपलं दुकानच बंद. तुमचा आदर्श 1951 चा सीआयएचा रिपोर्ट. युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होईल का, तर म्हणे 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे. नंतर शर्मन केंटने, म्हणजे या कामात असलेल्या सीआयएच्या एका वरिष्ठानेच, आपल्या लोकांना विचारलं की बाबांनो तुम्ही याचा अर्थ काय धरला होता, तर कोणी 20 टक्के धरलेला कोणी 80, आणि सही सगळ्यांनी एकाच वाक्यावर केलेली. केंट बिचारा हादरला, शब्दांचे टक्के ठरवत बसला. तुम्ही कशाला हादरताय? 20 वाला खूश, 80 वालाही खूश, आणि हल्ला झाला काय न झाला काय, तुम्ही म्हटलंच होतं.

फक्त क्लायंट यूकेचा असेल तर जपून, ही मंडळी यात आपली बाप आहेत. 'यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक ॲट धिस' अशी गोड मेल आली की आपल्या पोरांना वाटतं, सवड मिळाली की बघू, आणि तिकडे तो माणूस लालबुंद होऊन बसलेला असतो. खाली 'नो रश' पण लिहिलेलं असेल तर डबा तसाच झाका आणि आधी लॅपटॉप उघडा.