रोग जोपासण्याचं पथ्यपाणी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, एकेकानं एकेक पात्र घेऊन टोळीनं (म्हणजे ‘पार्टी’नं) साहसं करायचा खेळ. त्याच्या टेबलावर नव्यानं आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच असतो: कोण होणार? लढणारा फायटर, जादू करणारा विझर्ड, मंत्रांनी जखमा भरणारा क्लेरिक की रोग? हा शेवटचा शब्द देवनागरीत वाचून दचकायला होतं, पण दचकू नका. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ लबाड, बदमाश. मराठी अक्षरांत तो उतरला आणि निदान अचूक झालं. फायटर ज्याचा त्याचा असतो; रोग सगळ्या पार्टीला होतो.

तुम्ही रोग निवडलात, अभिनंदन. मी कधीमधी डीएमच्या (म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराच्या) पडद्यामागे बसलोय, पण बहुतेक वेळा क्लेरिक असतो, म्हणजे हयात रुग्णसेवेतच गेली. त्या अनुभवातून हे चार शब्द. नियम २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे धरलेत, कारण आमच्या टेबलावर तेच चालतात आणि माझी सगळी दुखणीही त्याच आवृत्तीतली आहेत.

आधी कुळाचा इतिहास. १९७४ साली हा खेळ आला तेव्हा त्यात तीनच क्लास (पात्रांचे धंदे) होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. चोर नव्हताच. कुलपं फोडणं, सापळ्यात पडणं, सगळं सगळ्यांनी मिळून चालायचं. १९७५मध्ये ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीतून चोर आत शिरला (शिरणारच, त्याचा धंदाच तो). पुढे पहिल्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या चोराला सापळा शोधून निकामी करायची शक्यता होती २० टक्के, चाहूल न देता चालायची १५, सावलीत लपायची १०. भिंत चढून जायची मात्र ८५. म्हणजे काम येत नाही, पण पळ काढण्यात तरबेज. २००० साली तिसऱ्या आवृत्तीनं क्लासचं नावच चोरऐवजी रोग केलं. धंदा तोच, पाटी बदलली.

आता तुमचं कॅरेक्टर. पहिल्यांदा सगळे नातेवाईक मारा. आई, बाप, भाऊ, गुरू, शेजारी, कुत्रा. एकही जिवंत ठेवू नका, नाहीतर डीएम त्याला पळवून नेईल आणि तुम्हाला कुणाची तरी काळजी असल्याचं दाखवावं लागेल. नाव अंधाराशी नातं सांगणारं हवं. आमच्या टेबलावरच्या रोगाचं नाव होतं ‘सावट’. डोक्यावर टोपडं, अंगावर काळा झगा, आणि खाणावळीत शिरल्याबरोबर कोपऱ्यातली जागा. खोलीला कोपरे चारच असतात, त्यामुळे एका पार्टीत चारांपेक्षा जास्त रोग घेऊ नयेत, एवढं एक बंधन पाळा.

अलाइनमेंट, म्हणजे पात्राचा नैतिक कल, ‘केऑटिक न्यूट्रल’ (मन मानेल तसा वागणारा) लिहा. ती नीतीची भूमिका वगैरे नसते, अटकपूर्व जामीन असतो.

आकडे मांडताना डेक्स्टेरिटी (चपळाई) शिगेला न्या आणि कॉन्स्टिट्यूशन (तब्येत) ८ ठेवा. सावलीतल्या माणसाला तब्येत काय करायची? पहिल्याच लेव्हलला एक्स्पर्टाइज मिळतं, म्हणजे दोन कौशल्यांत प्रावीण्याचा बोनस दुप्पट. त्यातलं एक स्टेल्थला (लपतछपत वावरण्याला) द्या, दुसरं हातचलाखीला. पर्सेप्शनला (नजरेला) चुकूनही देऊ नका. आजूबाजूला लक्ष गेलं तर बाकीची माणसं दिसू लागतील आणि सगळा बेरंग होईल. अकराव्या लेव्हलला तर बहारच. ‘रिलायबल टॅलेंट’मुळे वीस बाजूंच्या फाशावर दहाच्या खाली काहीही पडलं तरी ते दहाच धरतात. त्यात डेक्स्टेरिटीचे ५ आणि दुप्पट प्रावीण्याचे ८ मिळवा. २३. यापेक्षा खाली तुमचा स्टेल्थ कधी जाणारच नाही. हा २३ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चोरांची गुप्त बोली तुम्हाला फुकट येते. साध्या वाक्यातही निरोप दडवता येतो. मात्र तोच मजकूर सरळ बोलण्यापेक्षा चौपट वेळ लागतो, असं नियमपुस्तकच सांगतं. पार्टीत ती समजणारे एकटे तुम्हीच. तरीही रोज बोला.

लढाईत तुमचं मुख्य हत्यार म्हणजे स्नीक अटॅक. पहिल्या लेव्हलला सहा बाजूंचा एक फासा जास्तीचा, मग दर विषम लेव्हलला एकेक वाढत जातो, एकोणिसाव्याला पूर्ण दहा. इथपर्यंतचं वाचा आणि पान उलटा. कारण पुढच्या ओळींत एक अपमानास्पद अट आहे: एकतर तुम्हाला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायची मुभा) हवा, नाहीतर त्या शत्रूच्या पाच फुटांत त्याचा दुसरा कुणी वैरी उभा हवा. म्हणजे तुमचाच साथीदार. पत्र्याच्या डब्यासारखा खडखडणारा तुमचा तो फायटर. एकांडा शिलेदार म्हणून मिरवणाऱ्या माणसाची निम्म्याहून जास्त ताकद नियम लिहिणाऱ्यांनी दुसऱ्याच्या बुटात नेऊन ठेवली आहे. असलं कुठे वाचायचं असतं का?

सावटनं वाचलं नव्हतं. त्याची हकिगत सांगतो, म्हणजे तुम्हाला नमुना मिळेल.

सातव्या लेव्हलला रोगाला ‘इव्हेजन’ येतं. फायरबॉल पडला आणि डेक्स्टेरिटीचा सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) जमला तर शून्य डॅमेज, नाही जमला तर निम्मा. सावटनं ही विद्या ज्या दिवशी मिळवली त्याच दिवशी विझर्डला सांगितलं, “टाक बिनधास्त, मला काही होत नाही.” खरंच काही झालं नाही. वीस फुटांच्या त्या वर्तुळात मधोमध आमचा फायटर उभा होता. विझर्डनं आठ फासे ओंजळीत घेऊन टेबलावर सोडले, फायटरवाल्यानं शांतपणे बेरीज केली, शीटवरचा जुना आकडा खोडला, नवा लिहिला आणि खोडरबराची भुकटी फुंकून सावटच्या बाजूला उडवली. बोलला काहीच नाही.

पुढे अकराव्या लेव्हलला मोकळ्या माळावर ट्रोल नावाचा एक राक्षस आडवा आला. लपायला झुडूप नाही. फायटर त्याला भिडलेला. सावटनं फासे मोजून तयार ठेवले: रेपियरचा (तलवारीचा) एक, स्नीक अटॅकचे सहा. साधा वार सरासरी साडेनऊचा, सहा फासे धरून साडेतीसचा. त्याची पाळी येणार, त्याच्या आधी फायटरची होती. फायटरनं ट्रोलवर वार केले आणि मग स्वतःची मूर्ती दोन बोटांत धरून नकाशावर एक घर मागे सरकवली. एक घर म्हणजे पाच फूट. तसं मागे हटताना ट्रोलला फुकटचा वार मिळतो. तो त्यानं खाल्ला, डॅमेज लिहून घेतला. “जरा पाय मोकळे केले,” म्हणाला. सावटनं सहा फासे एकेक करून परत पिशवीत टाकले. त्या फाशांचा तो बारीक आवाज माझ्या अजून कानांत आहे, आणि खोटं कशाला बोलू, गोड वाटला होता.

तुम्ही मात्र यातून काहीही शिकू नका. वार करा, कनिंग ॲक्शननं (रोगाच्या चटकन निसटायच्या कसबानं) पळा, खांबामागे लपा, आणि क्लेरिकनं हाक मारली की “मी दिसतच नाही” म्हणा. दोन हातांत दोन खंजीर असतील तर दुसऱ्याचा वारही बोनस ॲक्शन (पाळीतली एकुलती जादा कृती) खातो आणि पळणंही तीच खातं, हे डीएम दर वेळी सांगेल. दर वेळी नव्यानं आश्चर्य व्यक्त करा.

दारं हा वेगळाच विषय. प्रत्येक दाराचा सापळा तपासा. मग कुलूप तपासा. मग कान लावा. मग पुन्हा सापळा, कारण मघाशी फासा कमी पडला होता. एकदा आम्ही एका दारापुढे पाऊण तास बसून होतो. विझर्डवाली तोवर शीटच्या मागे हत्ती काढत होती आणि तो चांगला उतरला होता. शेवटी फायटरनं दार ढकललं. उघडंच होतं. आत केरसुण्या.

आता खरी कला: आपल्याच लोकांना लुटणं. शत्रूचा खिसा कुणीही कापेल. पेटी दिसली की सगळ्यांच्या आधी पोचा, डीएमला चिठ्ठी पाठवा, आणि तोंडानं म्हणा, “थोडी चिल्लर आहे.” पण तेही प्राथमिकच. मुरलेला रोग जोडीदाराच्या झोळीत हात घालतो. माझ्या क्लेरिककडे ३०० सुवर्णनाण्यांचा एक हिरा होता. ‘रेव्हिव्हिफाय’ या मंत्राला तो लागतो: माणूस मेल्यापासून मिनिटाच्या आत मंत्र टाकायचा, हिरा खर्ची पडतो, माणूस उठून बसतो. पार्टीचा जीवनविमाच म्हणा. एका रात्री मुक्कामाला सावट हळूच म्हणाला, “मी क्लेरिकची झोळी बघतो.” माझं पॅसिव्ह पर्सेप्शन (मुद्दाम न शोधताही लक्षात येण्याची कुवत) १८, त्याच्या हातचलाखीचा किमान आकडा २३. डीएमनं हताशपणे मान हलवली. हिरा गेला.

“अरे, तो तुझ्याच कामाचा आहे,” मी म्हणालो.

“माझं कॅरेक्टर असंच वागेल,” सावट म्हणाला. “आणि तू काय मधे बोलतोयस? तुला माहीत आहे. तुझ्या कॅरेक्टरला माहीत नाही.”

ही दोन वाक्यं पाठ करून ठेवा. पहिलं ढाल, दुसरं ब्रह्मास्त्र. पहिल्यानं कोणतंही कृत्य खपतं, जणू ते कॅरेक्टर तुम्ही लिहिलेलंच नाही, कुणीतरी तुमच्या अंगावर सोडलंय. दुसऱ्यानं समोरच्याचं तोंड बंद होतं. त्यानं काही केलं तर तो मेटागेमिंग करणारा, म्हणजे खेळाडूला ठाऊक ते पात्राकडून वापरून घेणारा, खेळाची पवित्रता भंगवणारा. म्हणजे चोरी तुमची आणि शरम त्याची. चोराच्या उलट्या बोंबा इतक्या सुरेल दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार नाहीत.

राहता राहिली टेहळणी. एकट्यानं पुढे जा. पार्टीला थांबायला सांगा, शक्यतो दोन भुयारं मागे. मग तुम्ही आणि डीएम निवांत बोलत बसा. बाकीच्यांना प्रेक्षक होण्याचा आनंद मिळतो. परत येऊन काय पाहिलं ते सांगू नका. नुसतं म्हणा, “चला.”

सावट त्या दिवशी असाच पुढे गेला. स्टेल्थला फाशावर दोन पडले; दहा धरले, २३ झाले. ना पहारेकऱ्यांना कळलं, ना आम्हाला. भुयाराच्या टोकाला एक दार होतं. जन्मभर केरसुण्यांची कपाटं तपासलेल्या या माणसानं ते नेमकं तपासलं नाही. समोर ताटकळणारं कुणी नव्हतं, मग तपासण्यात मजा ती काय? हिरवा धूर भस्सकन बाहेर आला. इव्हेजन डेक्स्टेरिटीला असतं. धुराला लागतं कॉन्स्टिट्यूशन, आणि ते होतं ८. सेव्ह हुकला. सत्तेचाळीस हिट पॉइंट, बावन्न डॅमेज. सावट आडवा.

शून्यावर पडलं की दर पाळीला डेथ सेव्ह. दहा किंवा वर आलं तर पास, तीन वेळा नापास झालं की संपलं. पहिला फासा पडला ७.

“बाकीचे काय करताय?” डीएमनं विचारलं.

फायटरनं आमच्याकडे पाहिलं. “आम्ही थांबलोय ना? मग शॉर्ट रेस्ट घेतो. एक तास.”

“अरे, मी मरतोय!”

“काही ऐकू आलं का रे?” फायटरनं डीएमला विचारलं.

“स्टेल्थ २३,” डीएम म्हणाला.

दुसरा फासा १४. सावटच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तिसरा गडगडत विझर्डवालीच्या हत्तीवर जाऊन थांबला. १. नॅचरल एक दोन अपयशांच्या बरोबरीचा असतो.

काही क्षण कुणी बोललं नाही. मग तो माझ्याकडे वळला.

“रेव्हिव्हिफाय आहे ना तुझ्याकडे? मिनिटाच्या आत टाकलास तर—”

“आहे की,” मी म्हणालो. “फक्त तो हिरा बघतोय, कुठे गेला कोण जाणे.”

“अरे, माझ्याच खिशात—”

“तुला माहीत आहे,” मी म्हणालो. “माझ्या कॅरेक्टरला माहीत नाही.”