जक्कयाचा हिशेब
ख्रिस्ती विश्वास रविवारच्या उपासनेपुरता राहू नये, असं एका लेखात वाचलं आणि ते मनापासून पटलं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 19व्या अध्यायात, जक्कय हा श्रीमंत जकातदार येशूला घरी घेतो आणि बोलतो ते थेट पैशांबद्दल: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. आणि आपण? प्रार्थनासभेत डोळे पुसतो, पण घरकामाच्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत की पगार कापतो. त्यांचं लेकरू तापाने फणफणलेलं असलं तरी! पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना आणून सांभाळलं; केडगावच्या ‘मुक्ती’ या रमाबाईंच्या आश्रमात त्या मुली शिकल्या, हाताला काम मिळालं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मटण सोडणं त्यामानाने सोपं. मावशींच्या भरपगारी रजेवर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. चर्चच्या पाळकांनी त्यावर जरूर बोलावं.